आक्काची पेटी

आक्का गेली, असा पुतण्याचा फोन आला, तेव्हा रडू यायच्या आधी मनात आलं, तिच्या खाटेखालची पेटी आता कुणी उघडली तर?... बाई गं, जाऊ गेल्याचं दुःख मागे राहिलं आणि ती जुनी भीतीच आधी धावून आली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, यमुना. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. थोरले दीर मुंबईत एका बड्या हॉटेलात वेटर. तिथं साहेबलोक नाचायचे. हॉटेलानं टाकून दिलेला चावीचा ग्रामोफोन, म्हणजे तीच ही पेटी, आणि ओरखडे पडलेल्या इंग्रजी रेकॉर्डी त्यांनी गणपतीला घरी आणल्या. सासऱ्यांनी एक बाजू ऐकली आणि बजावलं, "हा बाजा पुन्हा वाजला, तर वाजवणारी कायमची माहेरी जाईल." आक्काला तर माहेर म्हणावं असं कुणी उरलंच नव्हतं.

तरी आम्ही ऐकायचोच! दुपारी माणसं रानात गेली की दार लोटून, पेटीवर गोधडी घालून. इंग्रजीचं एक अक्षर कळत नसे, पण मतं काय आमची! दबक्या आवाजातली तुतारी लागली की आक्का म्हणायची, "ह्यो बाप्या तोंडातलं पान न थुकता बोलतोय गो." मला ते लग्नघरी उशिरा पोचलेले पाहुणे वाटत. एक गाणारा सारखा कण्हायचा, त्याची बायको रुसून गेली असणार, यावर मात्र आमचं एकमत. आणि त्या नव्या धाटणीच्या, धडधडत्या रेकॉर्डी! "ह्याला मुंग्या डसल्यात," म्हणता म्हणता आक्काचेच पाय हलू लागत.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. सासरे शेत भाजायला कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायला रानात गेलेले. आक्का नुकतीच न्हालेली, केस पाठीवर मोकळे. धडधडती रेकॉर्ड लागली आणि ती उठून नाचायलाच लागली. गोधडी कधीच घसरलेली. कडी लावायची राहिली होती... दार ढकलून शेजारची कोंडाबाई विरजण मागायला आत! मी झटकन सुई उचलली, पेटीवर गोधडी टाकली. कोंडाबाईनं पाहिलं ते मोकळे केस आणि थरथरणारं अंग. देवीच अंगात आली समजून तिनं आक्काच्या पायांवर लोटांगणच घातलं. "आये, तुझा ढोल ऐकला मी! माझा पोर जिता हाय का गो?" तिचा मुलगा मुंबईला गेला तो गेलाच, ना निरोप, ना पत्ता.

खरं सांगावं तर घर सुटणार. आक्का आता भीतीनंच कापत होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "येल. शिमग्याला येल."

कोंडाबाईनं वाडीभर सांगितलं, आणि संध्याकाळी सासरे सुनेपुढं हात जोडून उभे राहिले. त्या रात्रीपासून आक्काच्या डोळ्याला डोळा नाही. "नाय आला तर म्हातारी विहीर जवळ करील गो. माझ्या एका शब्दापायी." कोंडाबाई रोज वाटेवर जाऊन बसे. आम्ही दोघी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

शिमग्यात देवीची पालखी आमच्या अंगणात आली त्या दिवशी वाटेवरून कोंडाबाईची किंकाळी ऐकू आली. आक्कानं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. बघतो तर हाडांचा सापळा झालेला तिचा पोर पिशवी घेऊन उभा!

मला हसू की रडू झालं. आक्का मात्र आत जाऊन चुलीपाशी बसली. म्हणाली, "गो, मी नुसती थाप मारली व्हती. मग बोललं कोन? मी, का ती?"

त्यानंतर तिनं पेटीला कधी चावी दिली नाही. अंगात येतं का, म्हणून विचारायला बायका येत, त्यांना ती हात जोडून परत पाठवी. कधी गोष्ट काढली की म्हणे, "नको गो, भ्या वाटतं."

दिवसपाणी झाल्यावर पेटी मी महाडला माझ्या बिऱ्हाडी घेऊन आले. कोंडाबाईचा पोर, आता तोही म्हातारा, त्यानंच ती डोक्यावरून एसटीपर्यंत आणून दिली. घरी झाकण उघडलं, तर तीच धडधडती रेकॉर्ड तबकडीवर, आणि तिच्यावर हळदकुंकवाचे थरावर थर, वाळलेला झेंडू. दर शिमग्याला चोरून पूजा करत होती बाई. मलाही कळू दिलं नाही.

परवा दुपारी धीर केला. आधी कडी लावली. मग केस घट्ट बांधले. चावी दिली, तबकडी फिरू लागली, कुंकू उडालं... आणि सुई हातात धरून मी तशीच बसून राहिले, तबकडी आपोआप थांबेपर्यंत.