दवाखान्यातला पडदा आणि बाहेरचा बाक

नवीन डॉक्टर मॅडम आल्या त्या दिवशी सकाळी असं धुकं होतं का अंगणातला बैल दिसत नव्हता, नुसती त्याची घंटी वाजत होती. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. त्या धुक्यातून आम्ही गुरुवारचे बीपीवाले एकेक करून दवाखान्याच्या बाकावर येऊन टेकलो.

ह्या बाकाचं असं आहे, का गोळी घ्यायला जावं न दोन गोष्टी घेऊन यावं. गोळी तर मुकाट्यानं गिळता येते, पण गोष्ट पोटात राहत नाही. साचून साचून फार झाल्या, म्हणून काही सांगून टाकतो. लोकांची नावं बदलली आहेत, कारण मॅडमला असं चालत नाही. मारोतीचं तेवढं बदललं नाही. आमच्या गावात मारोती एवढे आहेत का कोणता ते ओळखू येणार नाही.

माझाही ह्यात एक मतलब होता, तो आधीच सांगतो. मला हत्तीरोगातलं ते दुखणं होतं, ज्यात पुरुषाच्या नको त्या जागी पाणी भरते. कितीक वर्षं धोतर ढिलं नेसून मी ते लपवलं. बायको गेली, पोरगा नागपूरला कामाला. कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशननं बरं होते हे ठाऊक होतं. पण ऑपरेशनसाठी दवाखान्यात सांगावं लागते, न आमच्या दवाखान्यात सांगितलं म्हणजे बाजारात दवंडी दिली. त्यापेक्षा हे ओझं सरणावर नेलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं.

* * *

दारावर नावं पुकारायला विस्तारी शिपाई. आता गावात मारोतीच मारोती, मग त्यानं आपली सोय केली होती. "मारोती खरूज, आत या! मारोती मूळव्याध, तुमी बसा!" कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. खुद्द मूळव्याधही "ओ" देऊन बसायचा, म्हणजे जेवढं बसवेल तेवढं.

मॅडम कोल्हापूरकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हे ऐकलं न त्यांच्या हातातला पेन थांबला. "विस्तारी, पेशंटचा आजार हा पेशंटचा आणि आपला. उद्यापासून प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि फक्त नंबर पुकारायचा."

दुसऱ्या दिवशी विस्तारी दारात उभा राहिला. "सात नंबर!"

कोणी उठलं नाही.

"अरे, सात नंबर कोन हाय?"

सगळे एकमेकांकडे पाहत बसले. विस्तारीनं एकदा आत मॅडमकडे पाहिलं, मग बाकाकडे वाकून हळूच बोलला, "सात नंबर म्हनजे मूळव्याध."

लगेच माणूस उठला.

* * *

आमच्याकडे दुखणाईत एकटा जात नाही. त्याच्यासंगं मोठा भाऊ जाते, साळा जाते, घरासमोरचा जाते. दुखणाईतानं गप बसायचं न बाकीच्यांनी सांगायचं, अशी रीत आहे. ज्याचं दुखते त्याला बोलायला लावणं हे कसं दिसते?

अशाच एका टोळीला मॅडमनं विचारलं, "आजार कोणाला आहे?"

एका कोपऱ्यातल्या पोरानं हात वर केला.

"मग हे सगळे कोण?"

"हे सांगनारे," पोरगा बोलला.

मॅडमनं सांगणाऱ्यांना बाहेर काढलं न पोराला विचारलं, "आता तू सांग, काय होतंय?"

पोरगा उठून दारात गेला न बाहेर विचारलं, "दादा, मले काय होऊन राह्यलं?"

* * *

त्यावर मॅडमनं पडदा लावला. हिरवा, जाड कापडाचा. पडद्याच्या आत मॅडम न पेशंट, पडद्याच्या बाहेर आमचा बाक. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, गणपत, जमते वाटते आता.

पहिला नंबर बाबूरावचा लागला. बाबूराव माझा लंगोटीयार, पण कानानं पक्का बहिरा. आतून मॅडमचा हळू आवाज आला, "आजोबा, रात्री लघवीला उठावं लागतं का?"

"आं?"

मॅडमनं थोडं मोठ्यानं विचारलं. "आं?" मग मॅडमनं असं विचारलं का लिंबाखालच्या कोंबड्या पळाल्या. बाबूराव तरी "आं?"

शेवटी त्याची बायको बाकावरूनच बोलली, "उठते ना मॅडम! न वापस येताना माझ्या पायावर पाय देऊन येते!"

मॅडम बाहेर आल्या. पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "विस्तारी, हा पडदा आपण कशासाठी लावलाय?"

"माश्या येऊन राह्यल्या होत्या ना, मॅडम."

मी पुन्हा धोतर सारखं केलं न गोळी घेऊन घरी गेलो.

* * *

आमच्या पुजाऱ्याचाही एक किस्सा झाला. पुजारी झाडपाला देते, अंगारा लावते, देवाला विचारते. एक दिवस तो मॅडमपुढे जाऊन बसला. "बाई, मारोती तुमच्याकडं येते, न माझ्याकडंबी येते. तुमी त्याले काय देऊन राह्यले ते मले सांगा."

मॅडम बोलल्या, "पेशंटला विचारल्याशिवाय मी सांगत नाही."

"मी त्याचा इलाज करून राह्यलो ना. तुमी मोठ्या दवाखान्यातल्या डाक्टरले सांगता का नाई?"

"उपचारासाठी लागेल तेवढं सांगते."

"मंग? मलेबी उपचारासाठीच पायजे. देवाले विचाराले बसलो का देव पयले गोळीचं नाव विचारते."

मॅडमनं मारोतीला बोलावून विचारलं, ह्यांना सांगू का? मारोती पुजाऱ्याकडे पाहत बोलला, "सांगा ना. पन ह्याच्या पाल्याचं तुमाले सांगतो तर हा मले घरात घेत नाई."

पुजारी उठला. "माझं कसं हाय बाई, आमच्यात सांगत नसते."

* * *

सरपंच आले तो दिवस मात्र मी विसरत नाही. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, न दारूबंदीच्या रॅलीत सरपंच सगळ्यांच्या पुढे. घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा बसलेला राहायचा. लोक म्हणायचे, घोषणेनंच बसते.

ते पडद्यामागं गेले. "मॅडम, गावात टीबीच्या गोळ्या कोन कोन खाऊन राह्यले त्यायची नावं द्या. गावाच्या भल्यासाठीच मागून राह्यलो."

"टीबीचं जिथे कळवायचं असतं तिथे मी कळवते. त्यांच्या घरच्यांना तपासते. तुम्हाला नावं देता येत नाहीत."

"मी गावचा पयला नागरिक होय, मॅडम."

"ठीक आहे. मग सुरुवात पहिल्या नागरिकापासून करू. तुमच्या लिव्हरचा रिपोर्ट पुढच्या रॅलीत वाचून दाखवते."

आत खुर्ची करकरली. मग सरपंचाचा आवाज आला, "नियम चांगला हाय, मॅडम. कडक पाळा."

त्या दिवशी बाबूरावला सगळं नीट ऐकू आलं.

* * *

पण माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ह्या बाईच्या तोंडून बाहेर जात नाही. जाते ते बाकाच्या कानातून. म्हणजे बाक रिकामा पाहिजे.

अहेरीच्या बाजाराच्या दिवशी गाव रिकामं होते. त्या दिवशी मी गेलो. विस्तारीला चहा प्यायला धाडलं न मॅडमला सगळं सांगितलं. सांगताना मी छताकडे पाहत होतो, त्या कागदाकडे पाहत होत्या. त्यांनी तपासलं न एवढंच विचारलं, "इतकी वर्षं कसं चाललात, आजोबा?"

"हळूहळू."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होईल, पैसे लागणार नाहीत. "पण मला काही जणांना सांगावं लागेल, आणि तुम्ही हो म्हणाल तरच. ऑपरेशन करणारे सर्जन. भूल देणारे डॉक्टर. वॉर्डातली सिस्टर. रक्त तपासणारे. योजनेच्या ऑफिसात मंजुरी देणारे. हत्तीरोगाच्या कामाचे साहेब."

मी बोललो, "मॅडम, एवढे लोक आले तर आमच्या गावात ग्रामसभा होते."

"त्यांना कामापुरतंच कळेल. गावात कोणाला सांगू?"

"कोनालेच नाई."

"घरी आल्यावर कोणीतरी लागेल हो पाणी द्यायला. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. शेजारी कोण आहे?"

शेजारी बेबीबाई न तिचा मालक नामदेव. भले लोक. पण बेबीबाईला सांगायचं? मी मान हलवली ती हलवतच राहिलो. मॅडम बोलल्या, "तुम्ही नाही म्हणालात, मी नाही सांगणार." मग मी ऑपरेशनला हो म्हटलं.

गावाला काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, मोतीबिंदू काढायला चाललो.

* * *

ऑपरेशन चांगलं झालं. टाके सुकत आले तवा सुट्टी दिली. मी पहिले बाजारात गेलो न काळा चष्मा घेतला, मोतीबिंदूवाले घालतात तसा. एसटीतून उतरलो. डोळ्यावर काळा चष्मा न पाय एक इकडे, एक तिकडे.

पारावर बाबूराव बसला होता. "गनपत, दिसते का आता?"

"फस्क्लास दिसते."

"मंग असा काऊन चालून राह्यला?"

"नवीन डोळ्यानं जमीन जवळ दिसते," मी त्याच्या कानात ओरडून सांगितलं. तो मान डोलवत राहिला. मला वाटलं, झालं, पार पडलं.

घरी आलो. अंगण झाडून ठेवलेलं होतं. खाट बाहेर काढलेली, पाण्याचा गडू भरलेला, न खाटेवर मधोमध एक मऊ उशी. नामदेव माझ्याकडे न पाहता बैलाला पाणी पाजत होता. मी दोन्ही हातांनी चष्मा सावरला न उभाच राहिलो.

बेबीबाई पदर खोचत आली, उशी जराशी दाबून सारखी केली न म्हणाली, "चष्मा काढा भाऊ, न ह्या उशीवर बसा. आमच्या मालकाचं हेच झालं तवा आमी दाताचं सांगितलं होतं."