पाय खाडीत ठेवा

वीस-बावीस वर्षं मी तीन शब्दांवर पोट भरलं: हात लावू नका. पनवेलमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी मदतनीस होते. झाडायचं, पुसायचं आणि दाराशी स्टुलावर बसून ओरडायचं. ओरडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, तोंड माहेरचंच. एकदा एका पुढाऱ्याच्या सासूबाईंनी तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारून बघितली, तर त्यांनाही सोडलं नव्हतं. घरी नवरा फ्रीज उघडण्याआधी मुद्दाम विचारायचा, "हात लावू का?"

मग संग्रहालय बंद झालं. हंडे, तलवारी, कसर लागलेला पेंढा भरलेला बिबट्या, सगळं टेम्पोतून दुसरीकडे गेलं आणि त्याच इमारतीत भूगोल आणि शोधयात्रा केंद्र आलं. जुन्यांतली मी तेवढी उरले, कारण कुठला नळ कसा पिळला की गळायचा थांबतो, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या संचालक बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, गळ्यात दुर्बीण. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मावशी, इथं सगळ्याला हात लावायचाच आहे. तुम्ही म्हणायचं, हात लावून बघा."

"बरं," म्हटलं. तेवढ्यात एक पोरगी पृथ्वीचा गोल गरागरा फिरवायला लागली. "ए! हात लावू नको!" मी अशी खेकसले की पोरगी आफ्रिका तशीच सोडून पळाली.

असं चारदा झालं. पाचव्यांदा बाईंनी मला आत बोलावलं. "पुढच्या आठवड्यात मोठे साहेब पाहणीला येतायत. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते तेच ठरवणार. त्यांच्यासमोर एकदा जरी ओरडलात ना मावशी, तर माझ्या हातात काही राहणार नाही." नवरा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेला. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. राग आला, पण गिळला.

केंद्राची मोठी शान म्हणजे दालनभर जमिनीवर रंगवलेला पनवेल तालुक्याचा नकाशा. त्याच्यावरून चालायचं, अशी बाईंची कल्पना. पण आपली माणसं चालतायत होय! बायका भिंतीला पाठ घासत कडेकडेनं जायच्या. नवीन पनवेलच्या एका मास्तरांनी सगळा वर्ग नकाशाभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखा फिरवून बाहेर काढला. एका आजोबांचा चुकून पाय पडला, तर त्यांनी वाकून नकाशाला नमस्कार केला. म्हणाले, "कर्नाळ्यावर पाय दिला हो!" बाई कपाळाला हात लावायच्या आणि मी पदराआड हसायचे.

माझी स्वतःची त्या नकाशात एक भानगड होती. उलव्याच्या अलीकडे, खाडीच्या वळणाशी, एक राखाडी पट्टा आणि त्यावर विमानाचं चित्र. आमचं गाव तिथं होतं. विमानतळाच्या जागेत गेलं आणि आम्ही नव्या घरात आलो. चांगलं आहे घर, भिंती सरळ आहेत. पण नकाशात गावाचा ठिपकासुद्धा नव्हता. पहिल्या दिवशी लादी पुसताना वळणावरून अंदाज घेत मी आमचं अंगण हुडकून काढलं. बाकी दालन दांड्याच्या फडक्यानं पुसायचे, तेवढी वीतभर जागा मात्र खाली बसून हातानं. कुणाला सांगितलं नव्हतं, येडी म्हणाले असते.

पाहणीच्या दिवशी मी तोंडात अख्खी सुपारी धरली. तोंड भरलेलं असलं की ओरडणार कशी? पोरांनी वाळूचा सह्याद्री विस्कटला, मी गप्प. होकायंत्र आपटलं, गप्प. बाई लांबूनच मला शाबासकी देत होत्या. साहेब आले आणि बूट घालून सरळ नकाशावर चढले. "लोक उगाच बिचकतात. रंगच तर आहे!" नेऱ्यावरून पनवेल, पनवेलवरून पुढं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि साहेब थांबले ते नेमके आमच्या अंगणात. बोलता बोलता टाच घोळवत होते.

मी देवाचं नाव घेतलं. नवऱ्याचा गुडघा आठवला. नाहीच राहवलं.

"ओ साहेब! पाय उचला आधी!"

सुपारी तोंडातून सुटली ती घरंगळत थेट नेऱ्यापर्यंत गेली. बाईंनी डोळेच मिटले. साहेबांनी दचकून पाय वर घेतला आणि खाली बघत म्हणाले, "इथं तर काहीच नाहीये."

"आमचं घर हाय तिथं." इतकी वर्षं घासूनपुसून बोललेली भाषा, ऐन वेळी गावचीच निघाली. "अंगणात उभे हायत तुमी, बूट घालून."

साहेब एका पायावर. शेवटी हळूच म्हणाले, "मग ठेवू कुठं?"

"खाडीत ठेवा."

त्यांनी पाय खाडीत ठेवला. मग वाकून त्या राखाडी रंगाला बोटं लावली आणि तो हात छातीला नेला, त्या आजोबांसारखाच. "इथलं अजून काय काय आठवतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी विहीर दाखवली, देऊळ दाखवलं, जाळी वाळवायची जागा दाखवली. मध्येच रडलेही, खोटं कशाला सांगू.

नोकरी राहिली. पेंटर येऊन त्या राखाडीत मुंगीएवढ्या अक्षरांत आमच्या गावाचं नाव घालून गेला. आता मी पोरांना सांगते, चाला बिनधास्त, पनवेलवर उड्या मारा, गोल फिरवा. फक्त खाडीच्या वळणाशी आलात की बूट काढा, तिथून आमचं घर लागतं.

परवा एक चिमुरडी बूट काढून तिथं उभी राहिली. "आजी, दार कुठंय?" मी बोटानं दाखवलं. तशी ती खाली बसली आणि लादीवर टकटक केलं.

"ये गं," माझ्या तोंडून निघालं, "उघडंच हाय."