करंगळी देवाची

तिला काही मोजायचं असलं की ती समोरच्याचा हात ओढून घ्यायची. स्वतःच्या बोटांवर ती मोजायची नाही. मी गावात मास्तर म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात तिनं शाळेच्या पायरीवर माझा डावा हात धरला. सगळी पोरं बघत होती. माझे कान तापले.

"आत्या, माझा हात कशाला?"

"माझं हात कामाचं, मास्तर. मोजायला लोकांचं," ती म्हणाली आणि पेरं चाचपायला लागली. "लगीन माघात झालं म्हनला न्हवं?"

अंगठ्याजवळचं बोट, मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. तीन बोटांची नऊ पेरं, म्हणजे नऊ महिने. करंगळी ती मोजायची नाही, आत दुमडायची आणि म्हणायची, "ही देवाची." चार दिवस इकडे की चार दिवस तिकडे, ते देवाच्या मर्जीवर, असा त्याचा अर्थ. माझी बायको तेव्हा तिच्या माहेरी होती आणि तसलं काहीही नव्हतं, हे मी तिला कसं सांगणार? मुकाट्यानं हात तिच्या हातात ठेवून उभा राहिलो.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. भीमेच्या काठचं ते गाव, इंदापूरपासून बैलगाडीनं दोन तासांवर. आत्या गावची सुईण. नांदायला गेली आणि मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी अठराव्या वर्षी गाडीत घालून परत आणून सोडली. तेव्हापासून ती साऱ्या गावाची आत्या. जिला स्वतःचं मूल नाही तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलं होतं. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्यावाचून गावाचं पान हलत नाही आणि जिला कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही.

तिचा शब्द म्हणजे शब्द. "परवा गाडी जुपू नगा, तुमच्या घरी पावना येतोय," असं ती एखाद्याला सांगायची आणि पाहुणा यायचा. चुकलं तर करंगळी होतीच. पण लोकांनी नऊ पेरं तेवढी लक्षात ठेवली. करंगळी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्या भादव्यात पूर आला. एका बाजूनं भीमा आणि दुसऱ्या बाजूनं फुगलेला ओढा, मध्ये गाव. पहिल्या रात्रीत खालच्या आळीत पाणी शिरलं आणि सगळे माझ्या शाळेत येऊन दाटले, कारण गावात तेवढीच जागा उंचावर होती. सहा दिवस आम्ही कोंडलेले होतो. ओल्या ज्वारीचा वास, रडणारी पोरं, कौलांतून ठिबकणारं पाणी आणि दारात उभं राहून नुसतं पाण्याकडे बघणारे पुरुष. नदी उतरेना. तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलणंही संपलं. मला त्या भिंती अंगावर येत होत्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला. "बसा, बसा असंच. नऊ पेरांनी मला झोप मिळायची न्हाय."

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"हसताय काय? पिलेगात समदं गाव माळावर झोपड्यात ऱ्हायलं हुतं. फुडच्या साली पाळण्याला लाकूड मिळंना. गारा पडल्या त्या साली बी तसंच. माणूस कोंडलं की दुसरं काय करतंय?" तिनं शेजारच्या म्हातारबुवांचा हात ओढला आणि पेरं मोजली. "जेष्ठात येत्यात बघा पुराची पोरं. मोजायला तुमचं हात पुरायचं न्हाईत."

म्हातारबुवा लाजले. तीन दिवसांत पहिल्यांदा ती खोली हसली. मीही हसलो. हसला नाही असा एकच जीव तिथं होता, ज्ञानूची बायको हौसा. पुराच्या आदल्या सकाळी ज्ञानू मिरच्यांची गाडी घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेला होता आणि तिकडेच अडकला होता. इंदापूरची वाट दिसते ती शाळेची एकच खिडकी. हौसा दिवसभर तिथं उभी असायची. "मास्तर, इंदापुरात पानी शिरलं आसंल का वो?" हा प्रश्न तिनं मला किती वेळा विचारला असेल, सांगता येणार नाही.

सातव्या दिवशी पाणी उतरलं. ज्ञानू गुडघाभर चिखलातून चालत आला.

पुढं महिने गेले आणि गावात पोटं दिसायला लागली. "पुराची पोरं" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. आत्याची मान ताठ झाली. पाणवठ्यावर बायका तिला आधी जागा द्यायच्या. ज्येष्ठ लागला आणि एकेक सुटू लागली. चौथी की पाचवी हौसा. मुलगी झाली. हात धुऊन आत्या दाराबाहेर आली आणि आनंदाच्या भरात ज्ञानूच्या आईला म्हणाली, "ही बी पुराचीच बघा!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. पण ज्ञानूच्या आईलाही कळलं होतं. पुरात ज्ञानू होता कुठं?

एखाद्यानं शांत डोक्यानं विचार केला असता तर उलगडायला कितीसा वेळ लागला असता? माणूस पुराच्या आदल्या सकाळपर्यंत घरी होता, उतरल्यावर पुन्हा घरी होता. मधे आठवडाभराची तर गोष्ट. पण आत्याचा शब्द होता आणि तो चुकत नाही हे गावानं ठरवलेलं होतं. पाचव्या दिवशी बाळाची पाचवी पुजली गेली नाही. उद्या हौसाला गाडीत घालून माहेरी सोडणार, असं ज्ञानूच्या आईनं पाणवठ्यावर सांगितलं. ज्ञानू घराबाहेर बसून होता.

त्या दुपारी आत्या शाळेत आली. ग्रामपंचायतीची चिटणिशी माझ्याकडेच होती आणि जन्माची वही माझ्या पेटीत असे.

"मास्तर, वही काढा. जेष्ठ वाचा. आवंदाचा, गेल्या सालचा, त्याच्या आदल्या सालचा."

मी नावं वाचत गेलो. पहिल्यांदा मलाही खरं वाटेना, म्हणून पुन्हा वाचली. पुराच्या पोरांचा एवढा गाजावाजा, आणि यंदाचा ज्येष्ठ उद्या सरत होता तरी गेल्या सालापेक्षा एक मूल कमीच होतं.

"कमी?"

"एकानं."

तिनं वही स्वतःकडे ओढून मिटली. "म्हंजी भादव्यात माणसं घरातच की. पूर आसू दे न्हायतर नसू दे." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "आन पिलेगाचं?"

"तेवढी जुनी वही माझ्याकडे नाही, आत्या."

"नसू दे. तवा बी मोजलंवतं कुनी? पाळणं दिसलं, बोलले."

मी म्हणालो, उद्या मी येतो, वही सगळ्यांसमोर वाचतो. तिनं मान हलवली. "तुमची वही कोन ऐकतंय? त्यांचा इस्वास माझ्या तोंडावर हाय. माझ्या तोंडानं अडाकली ती, माझ्याच तोंडानं सुटंल."

दुसऱ्या सकाळी मी गेलो तेव्हा ज्ञानूच्या दारात गाडी जुपलेली होती. हौसा बाळाला घेऊन मागे बसली होती, खाली मान घालून. आत्या बैलांच्या पुढ्यात उभी होती. सगळी आळी जमली होती.

"ज्ञानू, हात दे."

त्यानं हात मागं घेतला. इतक्या दिवसांत तिला कुणी हात नाकारलेला मी पाहिला नव्हता. मग तिनं स्वतःचा डावा हात वर केला आणि उजव्या हातानं एकेक पेर मोजलं. नऊ झाली. करंगळी तिनं या वेळी दुमडली नाही.

"ही देवाची म्हनत आले जन्मभर. तुमी कुनी ऐकली न्हाय आन मिरवायच्या नादात मी बी इसरले. लेकरू कुठल्या दिशी राहिलं ते मला कळत न्हाय. कुनालाच कळत न्हाय. मी खोटं बोलले."

"मग पुराची पोरं?" गर्दीतून कुणी विचारलं.

"कसली पुराची? मास्तरांच्या वहीत एक कमीच हाय. पुरात तुमची तोंडं सुतकासारखी झाल्ती, म्हून बोलले. तुमाला हसाया झालं, मला मान झाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. आयुष्यभर जपलेला मान एका बाईच्या अंगावरून तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता आणि मला त्या हसणाऱ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही.

ती ज्ञानूकडे वळली. "आन सा दिस ही पोरगी शाळंच्या खिडकीत हुबी हुती. भाकर बी हुब्यानं खाल्ली. कशापायी? इंदापूरची वाट तितनं दिसती म्हून. इचार मास्तरास्नी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे मला आधीच सांगता आलं असतं, पाच दिवस आधी. लाज वाटली. "खरं आहे," मी म्हणालो. "सहा दिवस."

ज्ञानू उठला. आईकडे न बघता पुढं झाला आणि त्यानं बैल सोडले.

हौसा राहिली, पण आत्याचं जे गेलं ते गेलंच. "आत्याचं मोजनं" ही गावात थट्टा झाली. बाजारात वजन कमी भरलं तरी लोक म्हणायचे, आत्यानं मोजलं वाटतं. ज्यांना जमेल ते बायकांना बाळंतपणाला बारामतीच्या दवाखान्यात नेऊ लागले. ते एका परीनं बरंच झालं, पण आत्याच्या दारात कुणी येईना. ती ओट्यावर बसून असायची. मी जाता-येता मुद्दाम डावा हात पुढं करायचो. ती हसायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, मास्तर." गावात पुन्हा तिनं कुणाचा हात धरला नाही, असं मी समजून होतो. हौसाची पोरगी तेवढी भाकरी घेऊन तिच्याकडे जायची आणि दिवस मावळेपर्यंत परतायची नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलो तर तिच्या दाराला बाहेरून कडी होती. दहावंही होऊन गेलं होतं.

पुढच्या जूनमध्ये ज्ञानूनं पोरीचं नाव शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला पुढं बोलावून विचारलं, "पाच आणि चार किती?"

ती पाटीकडे बघेना, स्वतःच्या बोटांकडेही बघेना. तिनं माझा डावा हात ओढून घेतला. अंगठ्याजवळच्या बोटापासून सुरू करून एकेक पेर दाबत गेली, ओठ हलवत. तिसऱ्या बोटाच्या शेवटच्या पेरावर थांबली.

"नऊ," ती म्हणाली. मग माझी करंगळी काळजीपूर्वक आत दुमडली. "ही देवाची, गुर्जी."

मी "बरोबर" म्हणालो. हात मात्र मला लगेच सोडवून घेता आला नाही.