सुतकातला छुंदा

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे कैऱ्या किसणं. नातवंडांना छुंदा लागतो, म्हणून ही दरवर्षी घालायची. मांडीवर नात, डोळा गॅसवरच्या दुधावर आणि तोंड माझ्यावर. "अहो, जाड किसा, भुगा करू नका."

"मग तूच कीस की."

हसली. किसात साखर कालवली, पातेल्याला फडकं बांधलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. संध्याकाळी बसल्या जागी गेली.

तिला पोचवून आलो, तर घर माणसांनी भरलेलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सुतकात गच्चीवरच्या छुंद्याला हात लावायचा नसतो. टाकून द्या."

मी अडाणी, मला शास्त्र कळत नाही. पण ऊन काही सुतक पाळत नाही, साखर विरघळायची थांबत नाही. रडायला पुष्कळ जण होते. तिचं अर्धं राहिलेलं काम मात्र कुणालाच दिसत नव्हतं. एवढ्या माणसांत मी एकटाच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. फडकं सोडलं, किस तळापासून हलवला, जिभेवर ठेवला. सगळ्यांचं करता करता मीठ घालायचं विसरली होती. खाली जाऊन मूठभर आणलं आणि घातलं.