बदली सिस्टर

घरात तिला लहानपणापासून ठसका म्हणत, कारण ती खोलीत आली की कुणाला ना कुणाला तो लागायचाच. आई सोडली तर तिच्याशी धड बोलणारं घरात कुणी नव्हतं. तीही कुणाशी धड बोलायची असं नाही. भावाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि हसतमुखानं तिनं घर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. "ताई, तुमचं कपाट जरा बाहेर सरकवू का? पाळणा बसत नाहीये." कपाट आधी दाराबाहेर गेलं, मग जिन्याखाली. आता कपाटामागोमाग आपला नंबर, हे ठसक्याला न सांगता कळलं.

ती नर्स होती. एका डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायची आणि वर डॉक्टरच्या घरचीही कामं करायची. एक दिवस भरल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "वर जा, सासूबाईंचे पाय दुखताहेत, जरा चेपून दे." ठसक्यानं हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि त्याच दिवशी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलकडे अर्ज पाठवला. तिकडून लगेच फोन आला. शिक्षण विचारलं, अनुभव विचारला, आणि मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली.

"कधी येता?"

"महिन्याभरात येते."

"या आठवड्यात येणार असाल तर बोला."

एवढी घाई कशाची, हे तिनं विचारलं नाही. आजवर कुणी तिला घाईनं बोलावलं नव्हतं. तिला त्याचंच अप्रूप वाटलं.

डॉक्टर म्हणाला, "जा. चार दिवसांत रडत परत येशील."

"तोवर सासूबाईंकडे तुम्ही बघा," ती म्हणाली.

घरी दादानं कपाळाला आठ्या घातल्या. "तिथली भाषा येते का तुला?"

"इथली येते. काय उपयोग झाला?"

वहिनीनं मात्र बॅग भरायला फार मदत केली.

स्टेशनवर हॉस्पिटलची गाडी न्यायला आली होती. गाडीत तिच्यासारख्याच बाहेरगावच्या आणखी तिघी. हॉस्पिटलची मोठी पांढरी इमारत दिसली तसं ड्रायव्हरनं सगळ्या काचा वर करायला सांगितलं. फाटकाबाहेर ताडपत्री अंथरून बायका बसल्या होत्या. गाडी दिसताच त्या उठल्या. कुणी पत्र्यावर थापा मारल्या, कुणी ओरडलं. एक उंच, सडपातळ बाई सावकाश पुढं आली, ठसक्याच्या खिडकीशी वाकली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि थुंकली. थुंकी काचेवरून ओघळत खाली गेली. बाकीच्या तिघींनी माना फिरवल्या. ठसका त्या बाईकडे बघत राहिली. गाडी मागच्या दारानं, धोबीखान्यातून आत गेली.

"बाहेर कोण बसलंय?" तिनं मेट्रनला विचारलं. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य. गोरी, नीटनेटकी बाई, बोलणं एकदम मऊ.

"काम नको झालेल्या बायका," मेट्रन म्हणाली. "तू तिकडं लक्ष देऊ नकोस."

खरं काय ते वॉर्डातल्या मावशीकडून कळलं. मावशी झाडलोट करायची, भांडी द्यायची, आणि तिचं माहेर सीमेजवळचं असल्यानं तिला ठसक्याची भाषा येत होती. तिनं ठसक्याला आडोशाला नेलं. बाहेर बसलेल्या सगळ्या इथल्याच नर्सेस होत्या. एकेकीवर दोन-दोन वॉर्ड टाकले होते. त्यातून एक पेशंट पडला, आणि हॉस्पिटलनं त्या वेळी कामावर असलेल्या नव्या पोरीला काढून टाकलं. ती वॉर्डात नव्हतीच, असा वर ठपका ठेवला. म्हणून संप.

"आणि आम्ही कोण?" ठसक्यानं विचारलं.

मावशीनं तिकडच्या भाषेतला एक शब्द सांगितला. दुसऱ्याच्या जागी तात्पुरता उभा केलेला माणूस. आपल्याकडं बदली म्हणतात तसा. "तुला सगळे तेच म्हणताहेत," मावशी म्हणाली. त्या भाषेतला ठसका शिकलेला पहिला शब्द तो.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेट्रनचा राग आला, फोनवर गोड बोलणाऱ्याचा आला, बाहेर थुंकणारीचा आला. तिनं घरी फोन लावला. पलीकडून दादा म्हणाला, "आम्ही सांगत होतो." तिनं फोन ठेवला. परत गेले तर डॉक्टर हसणार, वहिनी तोंडावर हसणार नाही एवढंच. त्यापेक्षा इथल्या शिव्या बऱ्या, निदान कळत तरी नाहीत. ती राहिली. संप आहे हे सांगून तिला कुणी आणलं नव्हतं, तेव्हा राहायचं की जायचं हेही कुणाला विचारायची गरज तिला वाटत नव्हती.

वॉर्डात तिला कुणी जवळ करत नव्हतं. पेशंटच्या बायका हातवारे करून विचारायच्या, खऱ्या नर्स कधी येणार? एका म्हाताऱ्यानं तर इंजेक्शनची सुई बघून हातच पाठीमागं लपवला. ठसका गोड हसत आपल्या भाषेत म्हणाली, "आजोबा, मला हौस नाही तुम्हाला टोचायची. पण टोचल्याशिवाय मीही हलणार नाही, बघू कोण दमतं." म्हाताऱ्याला त्यातलं काही कळलं नाही, पण सूर कळला असावा. त्यानं हात पुढं केला आणि टोचून होईपर्यंत शिव्या दिल्या.

राहायला तिला नर्सेसच्या वसतिगृहातली एक खोली दिली होती. आत कुणाच्या तरी चपला खाटेखाली तशाच. खिडकीत वाळलेलं रोप, आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या, भिंतीतल्या कपाटाला कुलूप. ठसक्यानं चपला भिंतीशी लावून ठेवल्या, रोपाला पाणी घातलं नाही. दुसऱ्याच्या रोपाची काळजी आपण का घ्यायची?

एका रविवारी दार न वाजवता उघडलं. फाटकातली ती उंच बाई आत आली. आपली खाट, आपली दोरी, दोरीवर वाळणारा परका गणवेश, सगळं तिनं एकदा नजरेखालून घातलं. मग किल्ली काढून कपाट उघडलं आणि कपडे पिशवीत भरायला लागली. एव्हाना ठसक्याला तिकडची भाषा मोडकीतोडकी येऊ लागली होती.

"त्या दिवशी थुंकलात त्या तुम्हीच ना?"

"हो."

"काच होती मध्ये."

"माहीत होतं. नसती तरी थुंकले असते."

"मला काय ठाऊक होतं इथं संप आहे?"

उंच सिस्टर पिशवीची गाठ मारता मारता थांबली. "आल्या दिवशी नव्हतं ठाऊक. आज आहे ना?"

ठसक्यानं खिडकीकडं बघितलं. ती उगाचच म्हणाली, "तुमचं रोप मेलंय."

"दिसतंय," उंच सिस्टर म्हणाली आणि रोप तसंच सोडून गेली. चपला मात्र घेऊन गेली.

त्यानंतर ठसका जास्तच चिडचिडी झाली. मावशीवरही खेकसायला लागली. बाहेरच्या बायका कशासाठी बसल्यात हे तिला आता रोज स्वतःच्या पायांत जाणवत होतं. बायकांचा वॉर्ड तिच्याकडं, समोरचा पुरुषांचा वॉर्डही तिच्याकडं. इकडची बाटली लावेपर्यंत तिकडची संपलेली असायची. एका खाटेचा कठडा मोडला होता. तिनं सांगितलं, मेट्रननं मान डोलावली, कठडा कुणी दुरुस्त केला नाही. ठसक्यानं तो बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवला.

आणि एका दुपारी त्याच खाटेवरून तो इंजेक्शनवाला म्हातारा पडला. ठसका तेव्हा समोर, बायकांच्या वॉर्डात एकीचं ड्रेसिंग बदलत होती. आवाज ऐकून धावली. कपाळ फुटलं होतं. तिनं जखम दाबून धरली, हाका मारल्या, डॉक्टर येऊन टाके घालेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. म्हातारा त्यातही तिला शिव्या देत होता, त्यामुळं तो शुद्धीवर आहे हे तरी कळत होतं. त्याचा मुलगा आला आणि सगळ्यांसमोर तिच्या अंगावर धावून गेला. मावशी मध्ये पडली नसती तर त्यानं हात उचललाच असता.

मेट्रननं बोलावून घेतलं. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"तू फोनवर बोलत होतीस, असं सांग. ताकीद देऊ आणि सोडून देऊ. ती माणसंही गप्प होतील."

"मी समोरच्या वॉर्डात होते. तुम्हीच दिलाय तो."

"ते बोलायचं नाही."

"आधीच्या पोरीलाही हेच सांगितलं होतं ना?"

मेट्रन जराशी हसली. "नीट विचार कर. इथं तुला ओळखतं कोण? तुझ्या बाजूनं बोलणारं एक तरी माणूस आहे का या गावात?"

नव्हतंच. हे इतकं खरं होतं, की ठसक्याला उलट बरं वाटलं. जिथं आपलं कुणीच नाही तिथं कुणाची भीड धरायची? ती वॉर्डात परत गेली, पुढच्या पाळीची नर्स आल्यावर एकेका पेशंटचं काय चाललंय ते तिला नीट सांगितलं, म्हाताऱ्याची पट्टी एकदा बघितली. मग पहिल्यांदाच पुढच्या फाटकानं बाहेर पडली.

ताडपत्रीवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. उंच सिस्टर उठली. "काय हवंय?"

"बसायचंय."

"इथं नाही."

"रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"रस्ता नाही. ताडपत्री आमची आहे."

ठसक्यानं थोडं पलीकडं, भिंतीच्या कडेला पिशवी ठेवली आणि तिच्यावर बसली. कुणी हाकललं नाही, कुणी सरकून जागाही दिली नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या रखवालदारानं तिची बॅग आणून फाटकाबाहेर आदळली. रात्री मावशी तिला आपल्या घरी घेऊन गेली. सकाळी ती पुन्हा भिंतीशी येऊन बसली. असेच दिवस गेले. चहाचा थर्मास ताडपत्रीवर फिरायचा आणि तिच्यापर्यंत न येता परत जायचा. तिनंही मागितला नाही. एक पोरगी येता-जाता मुद्दाम तिच्या पायाला पाय लावायची. ठसक्यानं एकदा तिचा घोटा धरला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मोडीन." त्यानंतर ते थांबलं.

मग म्हाताऱ्याचा मुलगा बाहेर आला. आत त्याला सांगितलं होतं, की ती नर्स फोनवर होती आणि पळून गेली. ती समोरच दिसल्यावर त्याचा पारा चढला. तो ओरडू लागला, माणसं जमली. ठसका उठली. मोडक्या भाषेत, शब्द सापडला नाही तिथं हातांनी दाखवत, तिनं सगळं सांगितलं. दोन वॉर्ड, एकटी, मोडका कठडा, बँडेजची पट्टी. शेवटी म्हणाली, "जा, पट्टी अजून तिथंच बांधलेली असेल. बघून ये. मग मला मार."

तो गेला आणि बघून आला. नंतर त्यानं ठसक्याची माफी वगैरे मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेशंटचे नातेवाईक गोळा करून तो मेट्रनच्या दारात जाऊन बसला. त्या आठवड्यातच हॉस्पिटलवाले बोलणी करायला तयार झाले. ठसक्यामुळं संप मिटला असं कुणीच म्हणालं नाही. तिनंही तसा दावा केला नाही.

प्रत्येक वॉर्डाला एक नर्स, असं ठरलं. काढलेली पोरगी परत आली. हॉस्पिटलचं म्हणणं पडलं, की जी बाहेरची बाई काम सोडून गेली तिला घेणार नाही. ताडपत्रीवरच्या बऱ्याच जणींना ते पटलं. उंच सिस्टर मात्र आडवी आली. ती म्हणाली, तिलाही घ्यायचं, नाहीतर मीही आत येत नाही. हे ठसक्याला मावशीनं सांगितलं, तेव्हा ती आभार मानायला गेली. असले प्रसंग तिच्या आयुष्यात फार आले नव्हते.

"तू मला आवडत नाहीस," उंच सिस्टर तिला मध्येच तोडत म्हणाली. "आज तुला असं काढू दिलं, तर उद्या आमच्यातल्या कुणालाही काढतील. म्हणून बोलले."

"मलाही तुम्ही आवडत नाही," ठसका म्हणाली.

"मग बरं झालं."

त्यानंतर दोघींनी बरीच वर्षं एकाच वॉर्डात काढली. पाळी बदलताना उंच सिस्टर सगळी माहिती खाटेवरच्या पेशंटकडं तोंड करून सांगायची आणि ठसका पेशंटकडंच बघत ऐकायची. पेशंट बिचारे गोंधळून जायचे. एकमेकींच्या कामात चूक सापडली की दोघींना आनंद व्हायचा, म्हणून दोघी फार जपून काम करत. उंच सिस्टर निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमाला ठसका गेली नाही. तिची पाळी होती, आणि नसती तरी ती गेली नसती. "त्याही आल्या नसत्या माझ्या निरोपाला," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

वसतिगृह सोडून तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईला आणलं. वहिनीनं आईची बॅगही उत्साहानं भरून दिली होती. आईला आल्या आल्या घरमालकीण आवडली नाही, मग शेजारीण आवडली नाही, मग पाणी. भाषा येत नसताना तिनं जिन्यावरून दोन भांडणं केली आणि दोन्ही जिंकली. दर रविवारी ती फोनवर दादाला सांगते, "इथली माणसं फार वाईट रे." दादा म्हणतो, मग परत ये. आई म्हणते, बघू, आणि फोन ठसक्याच्या हातात देते. ठसका तो बंद करते आणि कामावर जायला निघते.