सास्तूरहून आणलेलं खताचं पोतं

सोलापूरजवळच्या आमच्या तुकड्यावर आंब्याची वीस रोपं आहेत. दोन वर्षांतच ती पिवळी पडली. माझा नवरा विलास म्हणाला, "रविवारी उपटतो आणि पत्र्याची शेड टाकतो." म्हणून शनिवारीच त्याला घेऊन एस.टी.त बसले. ऑफिसातल्या शबानाच्या रझियाचाचींनी सास्तूरच्या मुरमाड रानात आमराई केली आहे. म्हटलं, शेवटचं त्यांना विचारून बघू.

उमरग्यापर्यंत हायवे गुळगुळीत. माझं अर्धं तिकीट, विलासचं पूर्ण, त्यामुळं साहेब तोंड पाडून. जाणार असाल तर उमरग्यातच भजी खाऊन घ्या. पुढं लोहाऱ्यात जीप बदलावी लागते, आणि ती खच्चून भरल्याशिवाय हलत नाही.

चाचींनी पाणी दिलं आणि थेट रानात नेलं. प्रत्येक झाडाखाली तुरीचं भुसकट आणि रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं, जाड गादीसारखी पसरलेली.

"आमी पण घरचा ओला कचरा बुंध्याशी रचतो," मी शहाणपणा केला.

"कच्चाच? बुंध्याला चिकटून?" चाचींनी कपाळाला हात लावला. "अगं, झाडाच्या गळ्यात सडका मफलर घातलास व्हय! आधी शेणकाला घालून कुजू दे. मग टाक, वीतभर लांब."

विलास खो खो हसला. चाची त्याच्याकडं वळल्या.

"जावईबापू, गादीखाली हात घाला. चावत न्हाय कुणी."

त्यानं घातला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माती काळी, गार, ओलसर. बोटावर गांडूळ वळवळलं. विलास बराच वेळ हात काढेना.

दुपारी दालचा-भात झाला. पैसे घेतले नाहीत, पण जेवण जिरवायला आमच्याकडून खताचा एक खड्डा भरून घेतला. निघताना कुजलेल्या खताचं एक पोतंही दिलं.

उमरग्याहून परतताना कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय?"

"गावाकडचा मेवा," विलास बेधडक म्हणाला.

दहा मिनिटांत अख्ख्या गाडीला मेव्याचा वास आला. "मेवा लई पिकलाय," म्हणत कंडक्टरनं आमची रवानगी मागच्या सीटवर केली, वर पोत्याचं तिकीट फाडलं.

परतल्यावर तुकड्यावर जाऊन सगळ्या बुंध्यांचे मफलर सोडवले. तरी सहा रोपं गेली. चूक माझीच, वाईटही वाटलं. उरलेल्या चौदांना तांबूस पालवी फुटली. शेडचं नाव आता कुणी काढत नाही.

काल आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं मला थांबवलं. "बाई, साहेब रोज पिशवी भरून चिपाडं नेतात. एकदा तरी रस प्या म्हणावं!"