सख्ख्या बहिणीचा जबाब

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी धुळ्याची ती घटना मनातून जात नाही.

आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. एक बाई बहीण असल्याचं भासवून एका पेशंटला किडनी विकते आहे, ऑपरेशनची तारीखही ठरली आहे. आम्ही बाईला आणि त्या पेशंटलाही चौकशीला बोलावलं. कायद्याने सख्ख्या नात्यातलं माणूस किडनी सहज देऊ शकतं. इतरांना समितीची परवानगी लागते. त्यामुळे खोट्या बहिणी आम्ही आधीही पाहिल्या होत्या.

"बाई, पेशंट तुमचा कोण?"

"भाऊ शे, साहेब. सख्खा."

"नाव सांगा त्याचं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "काय गं, सख्ख्या भावाचं नाव घ्यायला मुहूर्त लागतो का?"

तेवढ्यात शिपायाने पेशंटला आत आणलं. डायलिसिसवरचा माणूस, पाय सुजलेले. तो दारात दिसताच बाईने पदर पार कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्याकडे भावासमोर कोणी असं करत नाही. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर करतात, आणि त्याचं नावही घेत नाहीत.

हवालदारांचा आवाज एकदम खाली आला. "जेठ आहेत ना?"

ती रडू लागली. "मना नवरा गया, तवयपासून मना पोरेसले यासनीच सांभाळं. आते मी यासले मरू दिऊ का?"

विक्रीचा प्रश्नच नव्हता. भावजय सख्ख्या नात्यात मोडत नाही, समिती नकारच देते, असं घाबरवून जळगावच्या एका दलालाने बहिणीची खोटी कागदपत्रं करून दिली होती. मी ऑपरेशन थांबवलं. बाईला साक्षीदार केलं आणि दलालाच्या मागे लागलो. तो सापडला, मला शाबासकी मिळाली. मग कुठे मला त्या बाईची आठवण झाली, आणि समितीकडे अर्ज करायला मी तिला मदत केली.

परवानगी मिळालीही. पण तोवर जेठांचं हृदय इतकं अशक्त झालं होतं, की डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. काही महिन्यांनी ते गेले.

मी घरी भेटायला गेलो, तर तिनेच मला धीर दिला. "भाऊ, तुमनी चूक नही. खरं कोठे सांगो, तेच आमले माहीत नव्हतं."

खोटं उघड केलं की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर मानत आलो. खरं कुठे सांगायचं, हे मला तर पहिल्याच दिवशी माहीत होतं.